येते रे

१

दर शुक्रवारी नवे अल्बम यायचे आणि दर शुक्रवारी कानसेनचं घर मुकं व्हायचं. गिटारी किंचाळत असायच्या, ड्रम बडवले जायचे, कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत असायचं, पण ते सगळं त्याच्या दोन कानांच्या मध्ये. बाहेर ऐकू यायचं ते स्वयंपाकघरातलं घड्याळ, आणि सुईत दोरा ओवता ओवता आईनं टाकलेला सुस्कारा.

कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत तो नव्या रॉक अल्बमांवर आणि नेटवरून थेट दाखवल्या जाणाऱ्या मैफलींवर लिहायचा, त्या सदराचं ते नाव. पण ते त्याला चिकटलं होतं सदराच्या कितीतरी आधी. त्याची ताई एका बँडमध्ये गायची. हा शाळकरी पोरगा तिच्या शेपटासारखा सरावाला जायचा. एकदा त्यानंही सूर लावून पाहिला, तेव्हा ती पोट धरून हसली होती. "तुझ्या गळ्यात बेडूक बसलाय रे," ती म्हणाली होती, "पण कान सोन्याचा आहे. तू आपला कानसेन हो." तो झाला. ऐकता ऐकता केस पिकायला लागले, तरी सोन्याच्या कानाचा अभिमान काही गेला नाही.

ऐकायची त्याची रीत ठरलेली होती. दोन्ही कान गच्च झाकणारे जाड हेडफोन, दाराकडे पाठ, आणि गाणं संपेपर्यंत जगाशी काडीमोड. शेजारच्यांनी भिंत पाडली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. म्हणून आईनंही एक रीत पाडून घेतली होती. दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे काजं-बटणं करायला निघाली, की ती आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, दोनदा थोपटायची. तो एका कानावरचा हेडफोन सरकवायचा.

"येते रे."

"ये."

झालं, गंगेत घोडं न्हालं. "खांद्यावर हात पडला तरच मी, एवढं लक्षात ठेव," असं तिनं एकदा बजावलं होतं. तो हसला होता. या वयात बाईला भलत्याच अटी सुचतात, असं त्याला वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याला खुपायची. तो बाहेर पडताना दारातून "येतो गं" म्हणायचा, तेव्हा आई कधी "ये" म्हणायची नाही. "जा," म्हणायची. कोरडं, तोंडावर दार लावल्यासारखं. निघणाऱ्याला जा म्हणू नये, हे तिनंच त्याला बोबड्या वयात शिकवलं होतं. पण ताई गेल्यापासून तिनं तो शब्द टाकला होता. त्या दुपारी ताई गिटार पाठीला लावून दारात उभी राहिली, "येते गं आई" म्हणाली, आई "ये" म्हणाली, आणि ताई आलीच नाही. दुसऱ्या गावी कार्यक्रम होता, तिथंही ती पोचली नव्हती. पोलीस झाले, ओळखीपाळखी झाल्या, पण तिचा माग काही लागला नाही. आपलं 'ये' फुकट गेलं म्हणून आई ते पुन्हा वापरत नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि मनातल्या मनात तिला माफही केलं होतं.

२

तो अल्बम होता दूरच्या एका देशातल्या चौघांचा. बँडचं नाव उच्चारताना जीभ अडखळायची आणि गाण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण रॉक समीक्षकाचं त्यावाचून काही अडत नाही. समीक्षकांना प्रकाशनाआधी जी प्रत पाठवतात, ती त्यानं नेहमीप्रमाणे पाठ करून ऐकली. शेवटच्या गाण्यात गिटारी अचानक थांबतात, नुसती रिकाम्या खोलीची शांतता उरते, आणि त्या शांततेत एक बाई काहीतरी पुटपुटते. एकच लहानसा शब्द, दोन असतील फार तर. त्याच्या अंगावर काटा आला.

त्यानं मनापासून लिहिलं. "हा बायकी स्वर म्हणजे या अल्बमचा प्राण आहे. शब्द परका असूनही घरच्या माणसानं हाक मारावी तसा तो काळजात शिरतो." रविवारी छापून आलं.

मग संपादकबाईंचा फोन आला. त्या फोनवर कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच सगळे त्यांना टरकून असत.

"कानसेन, कोणती बाई?"

"शेवटच्या गाण्यातली."

"बँडमध्ये चौघं बाप्ये आहेत. पाहुणी गायिका नाही. मी स्वतः तीनतीनदा ऐकलं. वाचकांनी आपल्याला धुऊन काढलंय. एकानं लिहिलंय, समीक्षकांच्या घरात कुणी बाई असतील तर त्यांना गाणं चालू असताना गप्प बसवा."

"माझ्याकडची प्रत वेगळी असेल."

"असेल. पण छापलं आपण. परवा त्यांची मैफल थेट दाखवणार आहेत, त्यावर तुम्हीच लिहा आणि चूक निस्तरा. आता पुन्हा असं झालं तर मला ते सदर ठेवता येणार नाही, आधीच सांगते."

उभ्या आयुष्यात त्यानं नसलेला सूर ऐकला नव्हता. त्यानं बाजारात आलेली प्रत लावली. गिटारी थांबल्या, शांतता आली आणि गेली. त्यात बाई नव्हती. मग त्यानं आपल्याकडची प्रत लावली, आणि ती होती.

३

त्याचा एक ध्वनिमुद्रक मित्र होता. दिवसभर बटणांच्या पाटापुढं बसायचा म्हणून सगळे त्याला बटण्या म्हणायचे. त्याच्या स्टुडिओला खिडकी नव्हती, भिंतींना जाड काळा स्पंज होता आणि आत शिरलं की आपलंच बोलणं तोंडातल्या तोंडात विझायचं. कानसेननं ती प्रत त्याच्यापुढं ठेवली.

"तूच ऐक. मी वेडा की शहाणा, ते ठरव."

बटण्यानं मोठे स्पीकर चालू केले. गिटारी थांबल्या. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उसळत होती, ती खाली बसली, सपाट झाली. आणि त्या सपाट रेघेवर, स्पष्ट, कानसेनला ऐकू आलं.

येते रे.

तो खुर्चीतच गारठला. परका शब्द कसला, हा तर त्यानं हजारदा ऐकलेला शब्द. आवाजही ओळखीचा. 'रे' थोडा लांबवून खाली सोडायची ती लकब त्याच्या घरातली होती.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आत्ता. ती 'येते रे' म्हणाली."

बटण्यानं रेघेवर बोट ठेवलं. "इथं काहीच नाही रे. मुंगी शिंकली असती तरी हे हललं असतं." मग त्याचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "बघ, तू घरी ऐकतोस. तुझी आई दुपारी तेच म्हणून जाते ना? रोज एकच गोष्ट एकाच वेळी कानावर पडली की डोकं ती आपोआप भरून काढतं. आमच्या धंद्यात चालतं हे. कान तपासून घे आणि चार दिवस झोप काढ."

हे पटण्यासारखं होतं. कानसेननं ते लगेच पटवूनही घेतलं, बुडत्याला काडीचा आधार. आईचाच आवाज, दुसरं काय. रस्त्यावर येईपर्यंत त्याला हलकंही वाटलं. कोपऱ्यावरच्या कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापाशी मात्र त्याचे पाय थांबले.

आई त्याला "येते रे" म्हणायची हे खरं. पण ताईसुद्धा तेच म्हणायची. मायलेकींचे आवाज इतके सारखे होते की फोनवर भल्याभल्यांची फसगत व्हायची, वडील हयात असताना त्यांचीसुद्धा झाली होती. तेव्हा हा आवाज आईचाच, हे ठरवलं कुणी?

त्या विचारानं त्याला भर रस्त्यात रडू आलं. भीती वाटायला हवी होती, पण आधी आली ती आशा, आणि तिच्या पाठोपाठ धसका. हे आईच्या कानावर पडता कामा नये. इतकी वर्षं दाराकडं तोंड करून बसलेली बाई, तिच्या हृदयाला आता एक धक्का पुरला असता.

४

घरी आई खिडकीपाशी काजं करत बसली होती. कानातलं ऐकायचं यंत्र काढून शेजारी स्टुलावर ठेवलं होतं. दुपार कलली की ती ते काढायची. कानात शिट्टी वाजते, म्हणायची. दुकानदारानं ते दोनदा तपासून दिलं होतं, त्यात काही दोष नव्हता. तरी ती काढायचीच.

त्यानं जवळ बसून हातानं खूण केली. तिनं यंत्र कानात सरकवलं.

"आई, तुला कधी ताईचा आवाज ऐकू येतो?"

सुई कापडात अर्धी शिरली होती. तिनं ती पूर्ण ओढून घेतली, दोरा ताणला.

"आमचा आवाज सारखाच. मला माझाच ऐकू येत असेल."

"म्हणजे येतो?"

"तुझं काय चाललंय? पेपरातल्या बाई काही बोलल्या का?"

त्यानं अर्धं खरं सांगितलं. अल्बममध्ये नसलेला आवाज आपण छापला, लोक हसले, परवा मैफल आहे, एवढंच. कोणता शब्द, ते सांगितलं नाही. आई ऐकत होती, पण तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती, टेबलावरच्या हेडफोनवर होती.

"ते जरा बंद ठेव काही दिवस."

"पोट त्याच्यावर आहे गं."

"मग ऐक, पण बोलू नकोस." तिनं दातानं दोरा तोडला. "हाक आली की लगेच ओ देऊ नये माणसानं. आधी कोण आहे ते बघावं."

संपादकबाईंना आपण फोनवर घाईनं उत्तर दिलं, त्यावरून ही बोलतेय असं त्याला वाटलं. आईच्या बोलण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावायची सवय सगळ्याच मुलांना असते, आणि त्याला तर तेवढी एकच पक्की सवय होती.

५

मैफल तिकडं रात्रीची होती, म्हणून इकडं दुपारची. आई खाली जाईपर्यंत हेडफोन घालायचे नाहीत असं त्यानं ठरवलं, तरी घातले, मग पुन्हा एका कानावरून काढले. शेवटी खांद्यावर हात पडला, दोनदा थोपटलं गेलं.

"येते रे."

"ये. आणि सावकाश ये, घाई नाही."

दाराला बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज त्यानं नीट ऐकला. मग दोन्ही कान झाकले आणि पडद्याकडं वळला.

प्रेक्षक नसलेली मैफल होती. विटांच्या भिंतींची एक मोठी रिकामी खोली, जागचा न हलणारा एकच कॅमेरा, मधोमध चौघं जण. ड्रमवाल्याच्या पाठीमागं एक लोखंडी दार होतं, बंद. वाजवत होते मात्र झकास. पहिल्या गाण्याला कानसेनची बोटं आपोआप टेबलावर धावू लागली आणि बऱ्याच दिवसांनी त्याला आपल्या धंद्याचं सुख वाटलं. गिटारचा सूर मुद्दाम थोडा फाटका ठेवलेला, ढोलाचा ठोका उशिरा पडणारा, गाणारा घशातून रक्त येईल असा गाणारा. पडद्याच्या कडेला जगभरच्या प्रेक्षकांच्या ओळी भराभर सरकत होत्या, बदाम, टाळ्या, ज्वाळा.

दुसरं गाणं संपलं तेव्हा लोखंडी दार किलकिलं होतं.

वारा असेल. पुढच्या गाण्यात ते हातभर उघडलं. त्यानं कडेच्या ओळी वाचून पाहिल्या. कुणी दाराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ड्रमवाल्याला पाठीवर गार झुळूक तरी लागायला हवी होती, पण तो मान खाली घालून बडवत होता. कानसेननं डोळे चोळले. नसलेला आवाज ऐकणाऱ्याला नसलेलं दार दिसायला कितीसा उशीर, असं तो स्वतःलाच टोचून बोलला आणि ठरवलं की काहीही झालं तरी परीक्षणात दाराचा उल्लेख करायचा नाही. सदर टिकवायचं होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा दार सताड उघडं होतं. पलीकडं काळोख होता, आणि काळोखात काही नव्हतं. निदान कॅमेऱ्याला दिसेल इतक्या उंचीवर काही नव्हतं.

६

त्यानं एक शहाणपण केलं. त्या दाराकडं बघायचंच नाही म्हणून तो लिहायला बसला. गिटारी थांबायच्या होत्या, शांतता यायची होती, आणि या वेळी तो शांततेबद्दल लिहिणार होता, फक्त शांततेबद्दल. गिटारी थांबल्या. तो लिहीत होता, "आणि मग हे चौघं काहीच वाजवत नाहीत, आणि तेच त्यांचं सर्वोत्तम वादन..."

"येते रे."

"ये," तो म्हणाला.

हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं, नको इतकं मोठ्यानं. मान वर न करता. रोजच्यासारखं.

वाक्य पूर्ण करायला आणखी एक शब्द हवा होता. तो लिहायच्या आधी त्याची बोटं थांबली. आई मघाशीच गेली होती. कुलपाचा आवाज त्यानं स्वतः ऐकला होता. दोन्ही कान गच्च झाकलेले होते, बाहेरचं काही आत येणं शक्य नव्हतं. आणि खांद्यावर हात पडला नव्हता.

त्यानं पडद्याकडं पाहिलं. चौघांनीही वाजवणं सोडलं होतं, आणि चौघंही वळून पाठीमागच्या दाराकडं बघत होते. इतका वेळ त्यांच्याही पाठीला ते जाणवत असावं. दार नुकतंच बंद झालं होतं, त्याची कडी अजून हलत होती. ड्रमवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खांदे पाडून तो रडू लागला, जीव वाचलेला माणूस रडतो तसा.

मग कानसेनच्या खांद्यावर हात पडला.

७

आई लवकर परत आली. हे त्याचं पहिलं वाक्य होतं, मनातलं, आणि त्यानं ते घट्ट धरून ठेवलं. काकूंकडं काम नसेल. आपल्याला दार वाजलेलं कळलं नसेल, कळणार कसं? आता ती दोनदा थोपटेल.

हात थोपटत नव्हता. तो नुसता पडून होता. ठेवायचा असतो एवढं माहीत आहे, पुढं काय करायचं ते माहीत नाही, असा.

"आई?" तो म्हणाला. मग, कारण आशा चिवट असते, "ताई?"

त्यानं हळूहळू हेडफोन काढले. घर गप्प होतं. स्वयंपाकघरातलं घड्याळसुद्धा ऐकू येत नव्हतं. वळून बघायचं होतं आणि मान वळत नव्हती. त्यानं आयुष्यात इतकं भ्यायलेलं माणूस पाहिलं नव्हतं, आणि आता ते माणूस तोच होता.

तेवढ्यात बाहेरून कुलपात किल्ली फिरली. टेबल भिंतीला लागून होतं आणि भिंतीवर ताईचा काचेच्या चौकटीतला फोटो होता. त्या काचेत त्याला मागचं दार उघडताना दिसलं. दारात आई उभी राहिली, हातात काजं करायचं कापड, ओठांत दोरा. काचेत दार होतं, आई होती, तो स्वतः होता. त्याच्या मागं जे होतं ते काचेत मावत नव्हतं, नुसता मधला भाग दिसत होता आणि त्याला तो कशाचा भाग आहे ते कळेना.

त्याला वाटलं, आई ओरडेल. किंवा इतक्या वर्षांनी "आलीस का गं" म्हणेल आणि तिथंच कोसळेल. आई उभीच राहिली. तिची नजर आधी त्याच्या खांद्यावर गेली, मग त्याच्या डोक्यावरून वर, आणखी वर, छताला लागली तिथं थांबली. तिच्या तोंडातला दोरा गळून पडला.

"ती आलीय का गं?" त्यानं विचारलं. "आई, ताई आहे का?"

"तुझी ताई एवढी उंच नव्हती रे," आई म्हणाली.

तिचा आवाज अगदी शांत होता. तिनं कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं.

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे विचारत होतं. तिच्या आवाजात, दारातून, यंत्रातून, कुठूनही. येते गं, येते गं. आत घ्या म्हणून. पहिल्या दिवशी मीसुद्धा ओ देणार होते, तोंडापर्यंत आली होती. मी कुणालाच ये म्हटलं नाही. कुठून ऐकेल, कधी ऐकेल, मला काय माहीत? पोटच्या पोराला उंबऱ्यावरून जा, जा म्हणत राहिले. आणि तू कुणाला ये म्हणालास?"

त्याला एकदम सगळे "जा" आठवले, परीक्षेला निघतानाचा, पहिल्या नोकरीला निघतानाचा, वडिलांना दवाखान्यात नेतानाचा. त्यातल्या प्रत्येकाचा त्याला राग आला होता.

"आले," कुणीतरी त्याच्या उघड्या कानाशी म्हणालं. आवाज आईचा होता, आणि काचेत आईचे ओठ मिटलेले होते.

आई उंबऱ्याच्या आत आली. तिनं पाठीमागचं दार लावलं नाही, उलट भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं, आणि एका बाजूला सरून वाट मोकळी केली. मग निघणाऱ्या माणसाला ती नेहमी म्हणायची तेच म्हणाली, तसंच कोरडं.

"जा."

ते ती त्याला म्हणाली की त्याच्या मागं होतं त्याला, ते कळायला मार्ग नव्हता. तो हलला नाही, आणि खांद्यावरचा हातही हलला नाही.